कल्पसूत्रे आणि वैदिक कर्म : खान्देशातील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न, मुंज, श्राद्ध किंवा वास्तुशांती अशा प्रसंगी गुरुजी जे सांगतात ते मुळात कोठून येते, ते सर्वांसाठी एकच असते की घराण्यागणिक बदलते, आणि आपल्या भागातील चालीरीतींचे त्या ग्रंथांशी काय नाते आहे, असे प्रश्न जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील वाचक सतत विचारतात. पुढील उत्तरे या कर्मांचा जुना आधार असलेल्या कल्पसूत्रांना धरून दिली आहेत. सूत्रात काय आहे, नंतरच्या प्रयोगग्रंथांत, म्हणजे कर्माचा क्रम लिहून दिलेल्या पोथ्यांत, काय आले आणि गावाची रीत काय आहे, या तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखता आल्या तर बहुतेक वाद मिटतात, असे आमचे मत आहे; शिवाय गावाच्या रीतीचा मान राखण्याची सोय खुद्द सूत्रकारांनीच करून ठेवली आहे.

कल्पसूत्रे म्हणजे नेमके कोणते ग्रंथ?

शिक्षा, कल्प, व्याकरण, निरुक्त, छंद आणि ज्योतिष ही सहा वेदांगे होत. त्यांपैकी कल्प हे कर्म कसे करावे याचे शास्त्र असून त्याचे ग्रंथ सूत्ररूपात आहेत. त्यांचे चार प्रकार मानले जातात. तीन किंवा अधिक अग्नींवर होणाऱ्या यज्ञांचा विधी श्रौतसूत्रांत येतो. घरातील एका अग्नीवर होणारी कर्मे व संस्कार गृह्यसूत्रांत येतात. आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्ते धर्मसूत्रांत, तर वेदी (यज्ञाची आखलेली जागा) व चिती (विटांचा रचलेला ओटा) यांची मापे शुल्बसूत्रांत सांगितलेली असतात. अभ्यासक या वाङ्मयाचा काळ साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या ८व्या ते ३ऱ्या शतकांच्या दरम्यान धरतात.

हे चारही भाग एकाच परंपरेत सलग टिकले आहेत, असे क्वचितच आढळते. असे सलग टिकल्याचे उत्तम उदाहरण आपस्तंबांचे आहे. त्यांच्या कल्पसूत्राचे ३० प्रश्न, म्हणजे ३० भाग आहेत. पहिले २४ श्रौताचे, २५वा व २६वा गृह्यकर्मांच्या मंत्रांचा, २७वा गृह्यसूत्राचा, २८वा व २९वा धर्मसूत्राचा आणि ३०वा शुल्बसूत्राचा, अशी त्यांची मांडणी आहे.

ब्राह्मणग्रंथ असताना सूत्रांची गरज का पडली?

ब्राह्मणग्रंथांत, म्हणजे वेदांतील यज्ञाचे विवरण करणाऱ्या गद्य भागात, विधी आहे, परंतु त्याच्याभोवती कथा, स्तुती, निंदा आणि कारणमीमांसा यांचा मोठा विस्तार आहे. एखादी आहुती का द्यावी हे तेथे दहा प्रकारांनी समजावले जाते. ती कोणत्या क्षणी, कोणत्या हाताने, कोणत्या दिशेस तोंड करून आणि कोणी द्यावी, हे मात्र त्या विस्तारातून शोधून काढावे लागते. प्रत्यक्ष यज्ञभूमीवर उभ्या असलेल्या अध्वर्यूला, म्हणजे यज्ञातील कृती करणाऱ्या पुरोहिताला, असा शोध घेण्यास उसंत नसते. सूत्रकारांनी तो विस्तार बाजूला ठेवून केवळ क्रम उचलला आणि तो पाठ करता येईल इतक्या आटोपशीर वाक्यांत बसवला.

हा आटोपशीरपणा साधण्याच्या त्यांच्या युक्त्या लक्षात ठेवल्या, तर मूळ ग्रंथ वाचणे बरेच सोपे जाते. पहिली युक्ती परिभाषेची आहे: सर्वत्र लागू होणारे नियम एकदाच सांगायचे आणि पुन्हा उच्चारायचे नाहीत. दुसरी युक्ती प्रकृती व विकृती यांची आहे. अमावास्या व पौर्णिमेची दर्शपूर्णमास ही सर्व इष्टींची, म्हणजे लहान यज्ञांची, प्रकृती, म्हणजे नमुना मानली जाते; तिचा विधी सविस्तर सांगितला की पुढील इष्टींत वेगळे असेल तेवढेच सांगायचे. तिसरी युक्ती मंत्रांची आहे. आपल्या शाखेच्या (वेदाच्या पाठपरंपरेच्या) संहितेतील, म्हणजे मंत्रसंग्रहातील, मंत्र असेल तर त्याचे आरंभीचे शब्द पुरेसे मानले जातात, कारण शिष्याला तो मुखोद्गत असतो. दुसऱ्या शाखेतून घेतलेला मंत्र मात्र पूर्ण दिला जातो. म्हणूनच स्वतःची संहिता न शिकता केवळ सूत्र हाती घेणाऱ्याला ते अर्धवट वाटते.

कल्पसूत्रे हीच वेद आहेत काय?

नाहीत. वेदवाक्यांचा अर्थ कसा लावावा हे ठरवणाऱ्या पूर्वमीमांसा या शास्त्रात या प्रश्नाचा स्वतंत्र विचार झाला असून कल्पसूत्रे ही मनुष्यकृत आहेत आणि त्यांचे प्रामाण्य वेदावर अवलंबून आहे, असाच तेथील निर्णय आहे. आश्वलायन, बौधायन, कात्यायन ही कर्त्यांची नावे ग्रंथांना लागलेली आहेत, ती याच जाणिवेने.

आमच्या घराण्याचे सूत्र कोणते, हे कसे ओळखावे?

मुंजीत शिकवलेले अभिवादन आठवावे. त्यात प्रवर (गोत्रातील पूर्वज ऋषींची नावे), गोत्र, सूत्र आणि शाखा ही क्रमाने येतात. खान्देशातील ऋग्वेदी देशस्थ घराणी शाकल शाखेची असून त्यांचे सूत्र आश्वलायन आहे. शुक्ल यजुर्वेदी माध्यंदिन घराण्यांत श्रौतासाठी कात्यायन आणि गृह्यकर्मांसाठी पारस्कर मानले जाते. कोकणातून येऊन येथे स्थिरावलेल्या काही घराण्यांत कृष्ण यजुर्वेदाचे हिरण्यकेशी सूत्र आढळते. त्यालाच सत्याषाढ असेही म्हणतात.

इतर वेदांची सूत्रे आपल्याकडे कमी ऐकू येतात, तरी नावे माहीत असावीत. ऋग्वेदाचे शांखायन, तैत्तिरीय शाखेची बौधायन, भारद्वाज, आपस्तंब, वैखानस आणि वाधूल, सामवेदाची लाट्यायन, द्राह्यायण व जैमिनीय ही श्रौतसूत्रे आणि गोभिल व खादिर ही गृह्यसूत्रे, अथर्ववेदाची वैतान व कौशिक. ज्या घराण्यांत वेदशाखेची परंपरा नाही, त्यांच्याकडील कर्मे सामान्यतः येणारे गुरुजी आपल्या अभ्यासातील पद्धतीने चालवतात, आणि त्यात अशास्त्रीय असे काहीही नाही.

खान्देशाचे म्हणता येईल असे एखादे सूत्र आहे काय?

सूत्राला प्रदेशाचे नाव देता येत नाही, कारण ते शाखेचे असते. तरीही या प्रश्नाचे उत्तर देताना मानव सूत्राचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. कृष्ण यजुर्वेदाची मैत्रायणी शाखा भारतात फार थोड्या ठिकाणी टिकली आणि त्या मोजक्या ठिकाणांत नंदुरबार व धुळ्याकडील प्रदेश आणि त्याला लागून असलेला नाशिककडील भाग येतो. चरणव्यूह या वेदशाखांची यादी देणाऱ्या ग्रंथाच्या टीकेत शाखांचा प्रदेशवार उल्लेख असून मैत्रायणी शाखा मयूरपर्वतापासून गुर्जरदेशापर्यंत पसरलेली आहे, असे वचन तेथे दिले आहे. बागलाणातील मुल्हेरचे जुने नाव मयूरगिरी होते, हे ध्यानात घेतले म्हणजे नकाशावर कोणता पट्टा अभिप्रेत असावा, हे आपल्या वाचकांना सहज उमगेल.

या शाखेची मैत्रायणी संहिता यजुर्वेदाच्या गद्य वाङ्मयातील अतिशय प्राचीन ग्रंथांपैकी एक आहे. लिओपोल्ड फॉन श्रोडर या जर्मन पंडिताने ती १८८१ ते १८८६ या काळात संपादून छापली. तिच्या अनुयायांची मानव आणि वाराह ही दोन सूत्रे आहेत. मानव श्रौतसूत्र, मानव गृह्यसूत्र आणि मानव शुल्बसूत्र असे तिन्ही ग्रंथ उपलब्ध आहेत. मानव गृह्यसूत्राचे दोन भाग असून त्या भागांना ‘पुरुष’ म्हणतात. त्यावर अष्टावक्राची टीका आहे.

मानव गृह्यसूत्राच्या दुसऱ्या पुरुषातील विनायकांचे प्रकरण प्रत्येक मराठी वाचकाने पाहावे, असे आम्हांला मनापासून वाटते. तेथे शालकटंकट, कूष्मांडराजपुत्र, उस्मित आणि देवयजन असे चार विनायक सांगितले आहेत. त्यांनी पछाडलेल्या माणसाला वाईट स्वप्ने पडतात, योग्यता असूनही राजपुत्राला राज्य मिळत नाही, मुलींना वर मिळत नाही, शेतकऱ्याची शेती आणि व्यापाऱ्याचा व्यापार फळत नाही, असे वर्णन करून त्यावरील स्नान व बलीचा विधी दिला आहे. येथील विनायक विघ्न आणणारे आहेत. त्यांपासून आजच्या विघ्नहर्त्या गणपतीपर्यंतचा प्रवास फार लांबचा आहे आणि त्याच्या अभ्यासात हे प्रकरण नेहमी आधाराला घेतले जाते.

श्रौत आणि गृह्य कर्मांत मुख्य फरक कोणता?

अग्नींचा आणि ऋत्विजांचा, म्हणजे यज्ञ चालवणाऱ्या पुरोहितांचा. श्रौत कर्मासाठी यजमानाने अग्न्याधान करून गार्हपत्य, आहवनीय आणि दक्षिणाग्नी हे तीन अग्नी स्थापलेले असावे लागतात. अशा यजमानाला आहिताग्नी म्हणतात. अग्न्याधेय, अग्निहोत्र, दर्शपूर्णमास, आग्रयण, चातुर्मास्य, निरूढपशुबंध आणि सौत्रामणी या सात हविर्यज्ञसंस्था, तर अग्निष्टोम, अत्यग्निष्टोम, उक्थ्य, षोडशी, वाजपेय, अतिरात्र आणि आप्तोर्याम या सात सोमसंस्था होत. अग्निहोत्राला एक ऋत्विज पुरतो, दर्शपूर्णमासाला अध्वर्यू, होता, ब्रह्मा आणि आग्नीध्र असे चार लागतात, आणि सोमयागात ही संख्या सोळावर जाते.

गृह्य कर्मांत घरचा एकच अग्नी असतो आणि यजमान स्वतः बरेचसे कर्म करू शकतो. विवाह, उपनयन, श्राद्ध, नवे घर, नवे धान्य, अंत्यसंस्कार हे सर्व तेथेच येते. आश्वलायन गृह्यसूत्राचे चार अध्याय आणि पारस्कर गृह्यसूत्राची तीन कांडे चाळली, तर आज होणाऱ्या संस्कारांचा गाभा कोठे आहे, हे लगेच कळते.

शुल्बसूत्रांतील गणित खरोखरच तितके प्रगत होते काय?

याबाबत अतिशयोक्ती आणि अवहेलना असे दोन्ही प्रकार वारंवार वाचनात येतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. शुल्ब म्हणजे मोजणीची दोरी. तिन्ही अग्नींच्या जागा निरनिराळ्या आकारांच्या असतात: गार्हपत्याची वर्तुळाकार, आहवनीयाची चौरस आणि दक्षिणाग्नीची अर्धवर्तुळाकार; पण क्षेत्रफळ सारखेच हवे. या एका अटीमुळे चौरसाइतके वर्तुळ काढण्याचा कठीण प्रश्न यज्ञभूमीवरच उभा राहतो. बौधायनांनी दिलेली रीत अशी आहे: चौरसाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतची दोरी घ्यावी, ती बाजूच्या मध्यावरून जितकी पुढे जाईल त्या वाढाव्याचा तिसरा भाग अर्ध्या बाजूत मिळवावा आणि त्या त्रिज्येने वर्तुळ काढावे. हिशेब करून पाहिल्यास या वर्तुळाचे क्षेत्रफळ चौरसापेक्षा सुमारे पावणेदोन टक्क्यांनी अधिक भरते. ही रीत अचूक नाही. दोरी आणि खुंटी यांच्या साहाय्याने करावयाच्या कामास मात्र ती पुरेशी आहे.

आयताच्या कर्णावर काढलेला चौरस हा त्याच्या दोन बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हा नियम बौधायनांनी सर्वसाधारण स्वरूपात सांगितला आहे. चौरसाच्या कर्णासाठी त्यांनी दिलेले माप असे: एक, अधिक त्याचा तिसरा भाग, अधिक त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग, उणे त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग. याचे मूल्य ५७७/४०८, म्हणजे सुमारे १.४१४२१५ येते, खरे मूल्य १.४१४२१३ पासून सुरू होते.

सोमयागाची महावेदी पश्चिमेस ३०, पूर्वेस २४ आणि लांबीस ३६ पदे (पद म्हणजे पावलाचे माप) असते. आपस्तंब ३६च्या दोरीत १८ मिळवून ५४ची दोरी करण्यास सांगतात आणि १५ व ३९ असे तिचे भाग पाडून काटकोन साधतात, कारण १५, ३६ आणि ३९ या बाजूंचा त्रिकोण काटकोनी असतो. वेदीचे क्षेत्रफळ हजारात अठ्ठावीस उणे, म्हणजे ९७२ पदे आहे, हेही ते सांगतात आणि ते तसे का येते हे एका बाजूचा तुकडा कापून दुसरीकडे उलटा जोडून दाखवतात. अग्निचयनातील पक्ष्याच्या आकाराची चिती साडेसात चौरस पुरुष क्षेत्रफळाची असते; येथे पुरुष म्हणजे हात वर केलेल्या माणसाच्या उंचीचे माप. तिचे पाच थर, प्रत्येक थरात २०० विटा आणि खालच्या थराच्या सांध्यावर वरच्या थराचा सांधा येऊ द्यायचा नाही, हा नियम. गवंडीकाम जाणणाऱ्या कोणालाही या नियमाचे प्रयोजन सांगावे लागणार नाही.

चाळीसगावजवळ पाटण येथील शिलालेख या संदर्भात आवर्जून आठवतो. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला, त्याची नोंद करणारा हा लेख शके ११२८चा आहे. त्यात भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांचे वर्णन वेदार्थ जाणणारा, तार्किकांचा चक्रवर्ती आणि यज्ञकर्माच्या विचारात निष्णात असे केलेले आहे. एकाच घराण्यात गणित आणि यज्ञविद्या अशा प्रकारे शेजारी नांदत होत्या, याचा खान्देशाच्या भूमीवरील हा लेखी पुरावा आहे.

यज्ञपात्रांसाठी व अरणीसाठी कोणती लाकडे सांगितली आहेत?

आहुतीच्या पळ्यांपैकी जुहू पळसाची, उपभृत् पिंपळाची, ध्रुवा विकंकत या झाडाची आणि स्रुव खैराचा, ही प्रसिद्ध व्यवस्था आहे. अग्निमंथनाची, म्हणजे घासून अग्नी काढण्याची, अरणी शमीवर उगवलेल्या पिंपळाची असावी, असे सांगितले जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना पळस आणि खैर नव्याने दाखवावे लागत नाहीत. तथापि जिवंत झाड तोडून हौसेने पात्रे करवून घेण्याचे कारण नाही. गृह्य कर्मांना ती लागतच नाहीत.

कर्मात चूक झाली तर सूत्रे काय सांगतात?

चूक होणार, हे सूत्रकारांनी गृहीतच धरले आहे. अग्नी विझणे, अग्निहोत्राचे दूध उतू जाणे, पात्र फुटणे, वेळ टळणे, मंत्र मागेपुढे होणे अशा प्रत्येक प्रसंगासाठी श्रौतसूत्रांत प्रायश्चित्तांची प्रकरणे आहेत, आणि अनेक ठिकाणी तूप घेऊन भूः, भुवः, स्वः या व्याहृतींनी आहुती देणे हा उपाय सांगितला आहे. चुकीमुळे घरावर संकट येईल, असे सांगून भरमसाट खर्चाच्या शांती करावयास लावणाऱ्यांना या प्रकरणांचा आधार मिळत नाही, हे स्पष्टपणे सांगणे आम्हांला आवश्यक वाटते.

लग्नातील हळद, देवक, मंगलाष्टके हे सूत्रांत आहे काय?

आश्वलायन गृह्यसूत्रातील विवाहाचा गाभा असा आहे: अग्नीच्या पश्चिमेस दगड आणि ईशान्येस पाण्याचा कुंभ ठेवणे, होम, पाणिग्रहण, अग्नीला प्रदक्षिणा, वधूला दगडावर पाय ठेवावयास लावून ‘या दगडासारखी स्थिर हो’ असे म्हणणे, लाह्यांचा होम, सप्तपदी, आणि रात्री ध्रुव, अरुंधती व सप्तर्षी यांचे दर्शन. सप्तपदीची पावले अन्न, बल, धनवृद्धी, सुख, संतती, ऋतू आणि सातवे सख्य यांसाठी आहेत. मंगलाष्टके, अंतरपाट आणि आज ज्या रूपात मंगळसूत्र बांधले जाते तो विधी त्यात नाही. ते नंतरच्या पद्धतींतून आणि लोकाचारातून आले.

परंतु ‘सूत्रात नाही, म्हणून करू नये’ हा निष्कर्ष सूत्रकारांना मान्य झाला नसता. आश्वलायनांनी विवाहाचा विधी सांगण्यापूर्वीच बजावले आहे की, देशोदेशीचे आणि गावोगावचे धर्म नाना प्रकारचे असतात आणि विवाहात ते पाळावेत. जे सर्वत्र समान आहे, तेवढेच आपण सांगतो. पारस्कर म्हणतात, ‘ग्रामवचनं च कुर्युः’, गाव सांगेल तेही करावे; आणि विवाह व स्मशान या दोन प्रसंगी गावाला विचारावे, असे वचनही देतात. आपस्तंबांनी तर विवाहातील रीती स्त्रियांकडून जाणून घ्याव्यात, असे सूत्रच लिहिले: ‘आवृतश्चास्त्रीभ्यः प्रतीयेरन्’.

आपल्याकडे हळदीला, देवक बसवताना आणि पाठवणीला आजी, काकू व मावश्या अहिराणी गाणी म्हणतात, कोणत्या क्रमाने काय करावयाचे ते सांगतात आणि गुरुजी तेवढा वेळ थांबतात. त्या वेळी गुरुजींनी घाई करू नये आणि घरच्यांनीही अवघडून जाऊ नये. सूत्रकारांनी ज्या अधिकाराचा उल्लेख केला, तोच येथे चाललेला असतो.

आखाजीला घागर भरणे आणि आगारी टाकणे यांना सूत्रांचा आधार आहे काय?

अक्षय्य तृतीयेस पितरांच्या नावाने घागर भरून पुजणे आणि नैवेद्याचा घास विस्तवावर टाकणे, म्हणजेच आगारी, हे खान्देशातील घराघरांत होते. गृह्यसूत्रांत पितृकर्मांसाठी मासिक श्राद्ध आणि हेमंत व शिशिर ऋतूंच्या कृष्णपक्षांतील अष्टमींना होणाऱ्या अष्टका सांगितल्या आहेत. वैशाख शुद्ध तृतीया तेथे नाही. ही तिथी युगादी, म्हणजे युगाच्या आरंभाचा दिवस, म्हणून पुराणांत आणि निबंधग्रंथांत (धर्मवचनांच्या संकलनांत) येते व त्या दिवशीचे श्राद्ध आणि उदकुंभदान यांचे विधान तेथेच मिळते. श्राद्धातील अन्न अग्नीत अर्पण करण्याचा ‘अग्नौकरण’ हा विधी मात्र आश्वलायन गृह्यसूत्रात आहे. आगारीशी त्याचे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे असले, तरी साम्य म्हणजे उगम नव्हे, आणि लोकाचाराला शास्त्राची पावती मिळाल्यावाचून मोल नाही, असेही आम्ही मानत नाही.

सत्यनारायण, गणेशपूजन, वास्तुशांती यांचे काय?

सत्यनारायणाची पूजा पौराणिक आहे. प्रत्येक कर्माच्या आरंभीचे गणेशपूजन जुन्या गृह्यसूत्रांत नसून नंतरच्या परिशिष्टांतून व प्रयोगांतून आले.

वास्तूविषयी मात्र सूत्रांत मूळ सामग्री आहे. आश्वलायन सांगतात की, जागा पाहताना गुडघाभर खड्डा खणावा आणि त्याच मातीने तो पुन्हा भरावा. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर झाली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. सूर्यास्तानंतर खड्डा पाण्याने भरून सकाळी पाहावा, अशीही परीक्षा दिली आहे: पाणी शिल्लक असेल तर उत्तम, नुसती ओल असेल तर मध्यम, कोरडा पडला तर वाईट. तापीकाठच्या काळ्या जमिनीत, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, या परीक्षांवर विसंबून पाया घालू नये. आपल्या पूर्वजांनी शेतीला काळी आणि गावठाणाला पांढरी निवडली, ती याच अनुभवाने.

संकल्पात ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हणावे की ‘उत्तरे तीरे’?

खान्देश गोदावरीच्या उत्तरेस आहे, म्हणून येथे ‘उत्तरे तीरे’ म्हणणेच योग्य आहे. पुण्याकडे छापलेल्या पोथ्यांत ‘दक्षिणे तीरे’ असते आणि ती जशीच्या तशी वाचली जाते, म्हणून हा गोंधळ होतो. प्रकाशे येथे तापी व गोमाई यांच्या संगमावर किंवा चांगदेव येथे तापी व पूर्णा यांच्या संगमावर कर्म असेल, तर त्या क्षेत्राचा उच्चार करावा. एवढा विस्तृत देशकालोच्चार सूत्रांत नसून प्रयोगग्रंथांतला आहे.

श्रावणी ऋग्वेदी आणि यजुर्वेदी लोक वेगवेगळ्या दिवशी का करतात?

ऋग्वेदी श्रावणातील श्रवण नक्षत्र प्रमुख धरतात आणि यजुर्वेदी पौर्णिमा. दोन्ही एकाच दिवशी आली तर फरक दिसत नाही. सामवेदी भाद्रपदातील हस्त नक्षत्रावर उपाकर्म, म्हणजेच श्रावणी, करतात.

या कर्मांत स्त्रियांचे स्थान काय आहे?

श्रौत कर्म पत्नीवाचून होत नाही. तिला योक्त्र म्हणजे मुंजगवताची दोरी कमरेस बांधतात, गार्हपत्याजवळ तिचे आसन असते आणि आहुतीचे तूप तिने पाहिल्यावरच वापरले जाते. दुसऱ्या बाजूस, मुलीचे जातकर्मादी संस्कार मंत्रांवाचून करावेत, असे आश्वलायन सांगतात. ही गोष्ट लपवून ‘सूत्रांत पूर्ण समानता होती’ असे म्हणणे सत्याला धरून नाही. आपस्तंब धर्मसूत्राच्या शेवटी उरलेले धर्म स्त्रियांकडून आणि सर्व वर्णांकडून जाणून घ्यावेत, असे काहींचे मत नोंदवले आहे, तेही तितकेच खरे आहे. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्याचे शिक्षण दिले असून आज अनेक ठिकाणी स्त्रिया संस्कार चालवतात. आमच्या मते हे स्वागतार्ह आहे.

पशू आणि सोम यांविषयी सूत्रे काय म्हणतात?

पशुयाग आणि सोमयाग या दोहोंत पशूचे विधान स्पष्ट आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पुढे पिठाचा पशू वापरण्याची प्रथा अनेक परंपरांत आली. सोमवल्ली मिळाली नाही तर पूतिक वापरावे, ही तरतूद जुन्या ग्रंथांतच आहे.

प्रत्यक्ष असे यज्ञ झाल्याचे पुरावे आहेत काय, आणि आज ते होतात काय?

सातवाहन राणी नागनिकेच्या नाणेघाटातील लेखात अश्वमेध, राजसूय, आप्तोर्याम इत्यादी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, हत्ती व कार्षापण या नाण्यांच्या दक्षिणेची यादी आहे. अलीकडच्या काळात केरळमधील पांजाळ येथे नंबुदिरी ब्राह्मणांनी १९७५च्या एप्रिलमध्ये केलेले अग्निचयन फ्रिट्स स्टाल यांनी चित्रित करून घेतले. महाराष्ट्रात आहिताग्नी घराणी मोजकीच उरली आहेत. या विद्येचा ग्रंथरूप सांभाळ पुण्यात झाला: १८८८मध्ये स्थापन झालेल्या आनंदाश्रमाने सत्याषाढ श्रौतसूत्र टीकांसह छापले आणि १९२८च्या वैदिक संशोधन मंडळाने श्रौतकोशाचे काम हाती घेतले.

गुरुजींच्या हातातील पुस्तक सूत्र असते काय?

सहसा नसते. तो प्रयोग किंवा पद्धती असतो, म्हणजे सूत्र, टीका आणि परिशिष्टे एकत्र करून क्रमवार लिहिलेली पोथी. मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांचा प्रयोगरत्न हा १६व्या शतकातील ग्रंथ आश्वलायनीयांत फार चालला. त्याच घराण्यातील कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधू १६१२चा आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांचा धर्मसिंधू १७९०च्या सुमाराचा आहे. हे दोन्ही तिथी व आचार यांच्या निर्णयासाठी पाहिले जातात.

घरात जुन्या पोथ्यांचा बस्ता आहे. त्याचे काय करावे?

सर्वप्रथम, तो नदीत सोडू नये. खान्देशातील वाड्यांच्या माळ्यांवर अजूनही असे बस्ते आहेत आणि वाडा पाडताना ते विसर्जित केले जातात, ही फार मोठी हानी आहे. पानांचा क्रम बदलू नये, कारण सुट्या पानांच्या पोथीत तो एकदा मोडला की जुळवणे कठीण जाते. चिकटपट्टी लावू नये, पाने प्लॅस्टिकमध्ये बंद करू नयेत; धुतलेल्या सुती कापडात दोन सपाट फळ्यांमध्ये ठेवून कोरड्या जागी ठेवावीत. शेवटचे पान आधी पाहावे: तेथील पुष्पिकेत, म्हणजे समाप्तीच्या मजकुरात, ग्रंथाचे नाव, शके, संवत्सर, लेखक आणि गाव बहुधा मिळते. पानांच्या समासात ग्रंथाच्या नावाची आद्याक्षरे असतात.

स्वरचिन्हे असतील तर ती विशेष लक्ष देऊन पाहावीत. ऋग्वेदाच्या पोथीत अक्षराखालील आडवी रेघ अनुदात्ताची (खालच्या स्वराची) आणि वरील उभी रेघ स्वरिताची (उतरत्या स्वराची) असते. मैत्रायणी संहितेत मात्र वरील उभी रेघ उदात्ताची (उंच स्वराची) असते. नंदुरबार, शहादा, तळोदा या बाजूच्या घरांत वेगळ्या स्वरांकनाची यजुर्वेदाची पोथी निघाली, तर ती मैत्रायणी असण्याची शक्यता ध्यानात घेऊन जाणकाराला दाखवल्यावाचून हलवू नये. धुळ्याचे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ १९२७पासून जुनी कागदपत्रे आणि हस्तलिखिते सांभाळत आले आहे. तेथे पोथी दाखवता येईल. मूळ प्रत देण्याची इच्छा नसेल, तर निदान प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंची, समासासह आणि क्रमाने, स्वच्छ उजेडात छायाचित्रे घेऊन ठेवावीत.